फक्त धरायचं, ढकलायचं नाही

बालेवाडीला अपंगांच्या सायकल शर्यती बघायला जाणार आहे, असं मी घरी जाहीर केलं तेव्हा नवऱ्याने पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" त्याचंही फार चुकलं नव्हतं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. जागचं न हलणाऱ्या गोष्टींचा अभ्यास करण्यात माझं आयुष्य गेलं आहे. क्रिकेटची मॅच सुरू झाली की मी स्वयंपाकघराचं दार लावून घेते आणि कुणी जिंकलं हे मला दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कळतं. पण या वेळी बोलावणं असं आलं होतं की नाही म्हणायला तोंड नव्हतं.

बोलावणारी होती आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी. वारज्याच्या आमच्या सोसायटीत ती लहानाची मोठी झाली. तिचे वडील यवतमाळकडचे. नव्वदनंतर इकडे मोटारींचे नवनवे कारखाने निघाले तेव्हा भोसरीला सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ते पुण्यात आले. इतकी वर्षं झाली तरी त्यांची बोली तसूभर बदलली नाही. मुलगी मात्र आमच्यासारखंच बोलते, घाईत असली की त्यात निम्मं इंग्रजी. इंजिनिअर झाली, हिंजवडीच्या एका कंपनीत लागली, स्वतःची स्कूटर घेतली. त्याच स्कूटरवरून कामाला जाताना बायपासच्या कडेला एका डंपरने तिला पाडलं. डावा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

तेव्हा ती चोवीस-पंचवीसची असेल. आम्ही सगळ्या बिल्डिंगवाल्यांनी रडून घेतलं, डबे दिले, आणि मग हळूहळू तिच्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागलो. तिला ते मुळीच आवडलं नाही. कृत्रिम पाय बसवून ती कामावर परत गेली. दवाखान्यात व्यायामाला एक जागेवरची सायकल होती, तिच्यावर तिला बसवायचे. एकदा लिफ्टमध्ये ती मला म्हणाली, "काकू, पाय मारून मारून दमते आणि उतरते तर तिथेच असते. मला खरी सायकल पाहिजे."

खरी सायकल तिच्या वडिलांनी आणली. सोसायटीच्या मागच्या उताराच्या रस्त्यावर ते तिला पहाटे शिकवायचे. मी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालताना रोज बघायचे. हे गृहस्थ सीटला धरून मागे पळत आहेत, ती एका पायाने पॅडल मारते आहे, सायकल वाकडीतिकडी जाते आहे, आणि दोघं एकमेकांवर ओरडताहेत. पुढे ती इतकी तयार झाली की खडकवासल्यापर्यंत एकटी जाऊन यायची. पण वडिलांची एक सवय गेली नाही. ती निघाली की ते बनियनवर खाली यायचे, सीटवर तळवा ठेवायचे आणि पुढे एक हलका रेटा द्यायचे. तो दिला नाही तर सायकल निघणारच नाही, अशी त्यांची ठाम समजूत असावी. ती "बाबा, जाते" म्हणायची, ते रेटा द्यायचे, आणि ती वळणावर दिसेनाशी झाली की वर येऊन चहा प्यायचे.

तर तिचं बोलावणं असं. "काकू, बघायला कुणीच येत नाही हो. खेळणाऱ्यांच्या घरचे असतात, पण तेही धावपळीत असतात. आईला हॉस्पिटलची ड्यूटी आहे. तुम्ही नुसतं बघायला म्हणून या." त्या शर्यतींतून परदेशात जायचा संघ निवडायचा होता. तिच्या गटात बायका मोजक्याच, पण घ्यायच्या होत्या दोघीच. पहिल्या दोघींत आली तर निवड, नाहीतर पुढची संधी कधी हे कुणीच सांगू शकत नव्हतं, कारण अशा स्पर्धा दर वर्षी होतीलच याची खात्री नसते. गेली दोन वर्षं ती सुट्ट्या, झोप आणि मैत्रिणींची लग्नं सोडून याच एका गोष्टीच्या मागे लागली होती. हे सगळं तिने मला अगदी कोरडेपणाने सांगितलं.

रविवारी सकाळी निघालो. गाडी तीच चालवत होती, डाव्या पायाचं काम नसलेली. मी तिच्या शेजारी, आणि मागे तिचे वडील, सायकलचं एक चाक मांडीवर घेऊन बसलेले. चांदणी चौकात नेहमीचा गोंधळ. पुढे बाणेरच्या बाजूला, जिथे माझ्या विद्यार्थिदशेत आम्ही गवतांचे नमुने गोळा करायला जायचो, तिथे आता काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्या दाराशी कुंडीत लावलेलं परदेशी गवत आहे. माझी चिडचिड ऐकून ती हसली आणि मला शर्यत समजावून सांगायला लागली.

शर्यत छोटी, ट्रॅकच्या जेमतेम दीड फेरीची. एकेकीने एकटीने सायकल पळवायची आणि घड्याळात जिची वेळ कमी ती पुढे. मिनिटभराचा खेळ. सगळी मेख सुरुवातीत. दोन पायांचा माणूस एक पाय खाली रेटतो तेव्हा दुसरा आपोआप वर येतो. तिला एकाच पायाने पॅडल खाली रेटायचं आणि त्याच पायाने वर ओढायचं. सायकल वेगात असली की काही वाटत नाही. पण उभ्या सायकलीवरून निघताना पहिला रेटा संपतो आणि पॅडल वर यायचं असतं, त्या क्षणी सायकलीत जीव नसतो. "तेव्हा मी पडू शकते," ती म्हणाली. त्या सायकलीला ब्रेक नसतो, हेही तिने जाता जाता सांगितलं. मागून वडिलांनी फक्त "हूं" केलं. त्यांना हे सगळं पाठ होतं.

सायकलींचा तो ट्रॅक मी पहिल्यांदाच पाहिला. सिमेंटचा, मोठ्या परातीसारखा, वळणांवर कडा चांगल्याच उंच चढत गेलेल्या. पायऱ्यांवर इकडेतिकडे काही माणसं बसली होती. सायकली तयार, माणसं तयार, पण शर्यत सुरू होत नव्हती, कारण पाहुणे यायचे होते. पाहुणे आले, मग हार झाले, मग भाषण. मंडप असा घातला होता की पाहुण्यांची पाठ ट्रॅककडे. ते आमच्याकडे बघून ट्रॅकवरच्या लोकांविषयी बोलत होते. जिद्द, प्रेरणा, दिव्य, सलाम हे शब्द आलटूनपालटून येत होते, आणि ज्यांना सलाम चालला होता ती माणसं उन्हात घामाघूम होत होती. माझं डोकं तापलं. माझ्या पुढच्या पायरीवर छत्री उघडून एक निवृत्त गृहस्थ बसले होते, पेठेतलेच असावेत. ते मागे वळून मला म्हणाले, "यांचंही घड्याळ लावायला हवं होतं."

भाषण चालू असताना मी खाली बघत होते. एक जोडसायकल उभी होती. पुढे बसणारा डोळस, मागचा आंधळा. पुढचा मागच्याला आजूबाजूला काय काय आहे ते सांगत होता. डावीकडे मंडप आहे, तिथे भाषण चाललं आहे, असं तो म्हणाल्यावर मागचा म्हणाला, "ते दिसतंय मला." दोघं इतके हसले की सायकल हलली. त्यांच्या पलीकडे एक हात नसलेला तरुण होता. त्याची बायको साडीचा पदर खोचून त्याच्या सीटमागे उभी राहायचा सराव करत होती, पाय फाकवून, चेहरा करारी. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथे प्रत्येकाबरोबर एक धरणारं माणूस आहे. सुरुवातीला सायकल उभी धरायला कुणीतरी लागतंच, आणि इथली रीत अशी की ते माणूस घरचं असतं. कुणाचा भाऊ, कुणाची बायको, कुणाचा मेहुणा. आमच्या मुलीला धरणार होते तिचे वडील.

शेवटी पाहुण्यांनी झेंडी दाखवली आणि दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले. मग पांढऱ्या टोपीतल्या पंचांनी सगळ्या धरणाऱ्यांना बोलावून घेतलं आणि कर्ण्यावरून सांगितलं, ते आम्हालाही ऐकू आलं. फक्त धरायचं. शिट्टी झाली की सोडायचं. ढकलायचं नाही. धरणाऱ्याने ढकललं तर ती सुरुवात रद्द, एकदा पुन्हा संधी. दुसऱ्यांदा तेच झालं तर खेळाडू बाद. तिचे वडील सगळ्यांच्या पुढे उभे राहून मान डोलावत होते, वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलासारखे.

शर्यती सुरू झाल्या आणि मी माझा राग विसरले. मला वाटलं होतं की मला दया येईल, आणि ती लपवावी लागेल. तसं काही झालंच नाही. एक हात नसलेला तो तरुण वळणाच्या उंच कडेवर चढला आणि तिथून असा खाली सुटला की मी चक्क उभी राहिले. मागे त्याची बायको जागच्या जागी उड्या मारत होती. जोडसायकल गेली तेव्हा चाकांचा घुमणारा आवाज आधी आणि माणसं नंतर आली. मागच्या आंधळ्या माणसाची मान खाली होती आणि तो पुढच्याच्या पाठीवर जवळजवळ डोकं टेकवून पाय मारत होता. कुठे वळण आहे, कुठे कड आहे, काही दिसत नसताना इतक्या जोरात जायचं म्हणजे काय, याचा विचारच मला करवेना. मी टाळ्या वाजवल्या, ओरडलेसुद्धा. छत्रीवाले गृहस्थ म्हणाले, "बाई, कानात नका ओरडू. पण ओरडा."

आमच्या मुलीचा नंबर तिच्या गटात शेवटचा होता. त्याआधी ती पायऱ्यांपाशी आली, कठड्याला टेकून तिने कृत्रिम पाय काढला आणि माझ्याकडे दिला. "काकू, हा सांभाळा. मागच्या वेळी कुणीतरी उचलून सामानात टाकला होता." मोजा आणि बूट घातलेला तो पाय मी मांडीवर घेतला. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो जड होता. पहिली काही मिनिटं मी अवघडून बसले, मग ऊन लागायला लागलं तसा त्याच्यावर माझा रुमाल टाकला, आणि मग विसरून गेले. ती वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून एका पायावर उड्या मारत सायकलीकडे गेली.

तोवर बाकीच्या मुलींच्या फेऱ्या झाल्या होत्या. पहिल्या नंबरची वेळ फारच चांगली होती, ती गाठणं कठीण आहे हे तिलाही ठाऊक होतं. तिला मागे टाकायचं होतं ते दुसऱ्या नंबरला. सरावात ती त्या वेळेच्या आत आलेली होती, पण दर वेळी नाही.

सायकल रेषेवर लागली. ती चढून बसली, उजव्या पायाचा बूट पॅडलला अडकवला, डावी मांडी सायकलीला लावलेल्या आधाराच्या नळीत टेकवली. मागे वडील, दोन्ही हात सीटखाली. पंचांनी हात वर केला. शिट्टी वाजली.

ती निघाली, आणि वडिलांचा उजवा हात तिच्याबरोबर निघाला. तळवा सीटवर, हात लांब होत गेलेला, आणि ते स्वतः दोन पावलं पुढे. अगदी सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर रोज व्हायचं तसंच.

पंचांच्या शिट्ट्या लागोपाठ वाजल्या. तिला त्या ऐकू आल्या नाहीत. ती पूर्ण ताकदीने अर्धा ट्रॅक गेली, समोरच्या बाजूला कुणीतरी हात हलवून तिला थांबायला सांगितलं तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. ब्रेक नसल्याने ती हळूहळू वेग कमी करत परत आली तेव्हा तिचा श्वास मला पायऱ्यांवरून दिसत होता. सगळी शक्ती सुरुवातीलाच ओतायची असते आणि ती ओतून झाली होती.

पायऱ्यांवर गलका झाला. ढकललं नाही, उगाच शिट्टी मारली, असं चार-दोन जण ओरडले. छत्रीवाले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ढकललं. मी स्वच्छ पाहिलं." मला त्यांचा संताप आला, पण मीही स्वच्छ पाहिलं होतं.

वडील मात्र पंचांपुढे उभे राहून सांगत होते की आपण ढकललेलं नाही. हे खोटं बोलणं नव्हतं. त्यांना ते खरंच माहीत नव्हतं. पंचांनी त्यांच्या हाताला धरून, तो पुढे नेऊन दाखवला, तेव्हा ते आपल्या तळव्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा असा झाला की मला तिकडे बघवेना. पोरीची दोन वर्षांची मेहनत आपल्या हाताने घालवली, असं त्यांच्या मनात आलं असणार, आणि ती अजून पुरती गेलेली नव्हती हेही खरं होतं.

थोडी विश्रांती मिळाली. तिच्या प्रशिक्षकांनी सुचवलं की या वेळी आपण स्वतः धरतो. ते शहाणपणाचंच होतं आणि वडिलांना ते लगेच पटलं. ते बाजूला होऊन आमच्या खालच्या कठड्यापाशी येऊन उभे राहिले. छत्रीवाल्यांनी वरून त्यांना समजावलं, "अहो, सोडायचं म्हणजे सोडायचं. पोरीचं लग्न झाल्यावर काय करणार आहात?" मी त्यांना म्हटलं की आधी तुम्ही ती छत्री सोडा, मला पुढचं काही दिसत नाही. त्यांनी मुकाट्याने छत्री मिटली.

पण मुलगी ऐकेना. सायकलीवर बसल्या बसल्या तिने वडिलांना हाक मारली. ते कठड्यापासून हलले नाहीत, तेव्हा तिने सायकल कडेला आणायला लावली, आमच्या अगदी समोर.

"बाबा, तुम्हीच धरा. दुसऱ्याच्या हातात सायकल वेगळी लागते. मला तोल कळत नाही."

"अन् म्या पुन्हा ढकललं म्हणजे?" ते म्हणाले. "माहा हात मले इचारत नाही वं. आपसूक जाते तो."

"मग आपण घरी जाऊ," ती म्हणाली.

एवढंच. ना रडणं, ना समजूत काढणं. तिच्या आवाजात राग नव्हता आणि धीर देणंही नव्हतं. घरी जाऊ, म्हणजे दोघं मिळून जाऊ, तुमच्यावर काही ठेवणार नाही, हे सगळं त्यात आलं. मी तीस वर्षं मुलांना शिकवते आहे. इतकं थोडक्यात इतकं मोठं मला कधी बोलता आलेलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसायला रुमाल शोधला, तर तो तिच्या पायावर होता.

वडील सायकलीपाशी गेले. विजारीला दोन्ही तळवे पुसले आणि सीटखाली धरून उभे राहिले. प्रशिक्षक मागे सरकले. कर्ण्यावर सारखा बडबडणारा निवेदकही गप्प झाला, सकाळपासून पहिल्यांदाच. पलीकडच्या हमरस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. मी आणि छत्रीवाले एकाच वेळी उठून उभे राहिलो.

शिट्टी झाली. वडिलांचे हात उघडले आणि तिथेच, हवेत राहिले.

ती निघाली. पहिला रेटा खाली गेला, आणि मग तो क्षण आला ज्याच्याबद्दल ती गाडीत बोलली होती. दमलेला पाय पॅडल वर ओढताना अडला. सायकल डावीकडे कलली, जिकडे तिला टेकवायला पायच नव्हता. तिचा खांदा खाली गेला. ती वडिलांच्या हातांपासून वीतभर अंतरावर होती. त्यांनी नुसती बोटं पुढे केली असती तरी ती सावरली असती, आणि बाद झाली असती. हात हलले नाहीत. तिने हँडल आपल्याकडे खेचलं, कंबर उजवीकडे झोकून दिली, पॅडल वर आलं, आणि दुसरा रेटा बसला. तिसरा. चौथ्याला सायकल सरळ झाली आणि मग ती वळणावर चढली.

पुढचं मला अजून दिसतं. वळणाच्या उंच कडेवरून ती खाली उतरली ती थेट आतल्या रेषेवर. पाठ आडवी, डोकं खाली, एकच गुडघा एका लयीत खाली-वर होणारा. दुसऱ्या बाजूचा पाय नाही हे मला जाणवेनासं झालं. उलट, माणसाला दोन पाय कशाला लागतात असं त्या वेळी वाटलं, इतकं ते पुरेसं दिसत होतं. शेवटच्या वळणावर तिचा वेग पडतो आहे असं वाटलं. मी तिचं नाव घेऊन ओरडले. छत्रीवाले ओरडले, त्यांना तर नावही माहीत नव्हतं, ते नुसतंच "चल, चल, चल" करत मिटलेली छत्री पायरीवर आपटत होते. जोडसायकलवाला आंधळा माणूस कठड्यापाशी उभा होता. तो साथीदाराला विचारत होता, कुठे आली, आता कुठे आली. ती समोरच्या बाजूची रेषा ओलांडून गेली.

वेळ जाहीर व्हायला उशीर लागला. दोन घड्याळं ताडून पाहत होते. मग निवेदकाने सांगितलं. ती दुसरी आली होती, अगदी निसटत्या फरकाने. पण दुसरी. संघात तिची निवड झाली होती.

मी कुणाला मिठी मारली असती, पण जवळ छत्रीवाले गृहस्थच होते, तेव्हा आम्ही एकमेकांना नमस्कार केला. ट्रॅकच्या पलीकडे प्रशिक्षकांनी आणि इतरांनी तिला धरून उतरवलं होतं आणि तिच्याभोवती गर्दी झाली होती. मी पाय घेऊन तिकडे निघणार, तेवढ्यात हात नसलेल्या तरुणाची बायको आली आणि म्हणाली की मी नेऊन देते, ताई, तुम्ही बसा. तिच्या हातात तो दिला आणि मी वडिलांना शोधायला लागले.

ते सुरुवातीच्या रेषेपासून थोडे मागे आले होते आणि पायऱ्यांच्या तळाशी बसले होते. लोक येऊन त्यांच्या पाठीवर थाप मारत होते, अभिनंदन करत होते, आणि ते सगळ्यांना हात जोडत होते, पण परक्या लग्नाच्या कार्यालयात चुकून शिरलेल्या माणसासारखे दिसत होते. मी शेजारी जाऊन बसले. म्हटलं, अहो, इथे काय बसलात, जा ना तिच्याकडे.

"जातो जी," ते म्हणाले, आणि उठले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, तुमी पाह्यलं ना?"

"पाहिलं ना. सगळं पाहिलं."

"मंग मले सांगा. म्या काही पाह्यलं नाही."

मला कळेना. ते तर सगळ्यांत जवळ होते. तेव्हा त्यांनी सांगितलं. शिट्टी झाली तसे त्यांनी हात सोडले आणि डोळे गच्च मिटून घेतले. ती कलताना दिसली असती तर हात थांबला नसता, हे त्यांना आधीच माहीत होतं. म्हणून दिसूच द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मग डोळे उघडायची हिंमत होईना. लोक ओरडत होते ते आनंदाने की ती पडली म्हणून, हेही कळत नव्हतं. निवेदकाने तिचा नंबर सांगितला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. तोवर शर्यत संपली होती.

म्हणजे ज्या मिनिटासाठी तो माणूस इतकी वर्षं सीटला धरून धावला होता, ते मिनिट त्याने पाहिलंच नव्हतं. ते माझ्याकडे बघत वाट पाहत होते, म्हणून मी सांगायला लागले.

"सुरुवातीला डगमगली," मी म्हटलं. "चांगलीच. डावीकडे कलली, खांदा पार खाली गेला."

त्यांनी दोन्ही हात मुठी करून मांडीखाली घातले.

"मंग धरलं कोणं?"

"कुणी नाही."

"म्या?"

"तुमचे हात तिथेच होते. हलले नाहीत."

"मंग?"

"मग तीच सावरली. आपली आपण."

पलीकडे मुलगी पाय बसवून उभी राहिली होती आणि आमच्या दिशेने हात हलवत होती. त्यांनी तिला हात दाखवून थोडं थांब अशी खूण केली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ते पुन्हा सांगा मॅडम. डगमगली तिथून."